साडेसहा मिलिमीटर

आंब्याला मोहर आला की आजोळच्या बागेत एक आवाज ऐकू यायचा. फांदी जरा हलवली तरी पानांच्या आतून काहीतरी भुरभुर उडे आणि बारीक पाऊस पडावा तसं तडतड वाजे. त्यातला एखादा हातावर येऊन बसे. पाचरीच्या आकाराचा, करडा-तपकिरी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. बोट जवळ नेलं की तो तिथे नसेच. आजोबा ‘तुडतुडा’ एवढंच म्हणत. मोहर चिकट होणार, त्या चिकट्यावर काजळी चढणार, पुन्हा फवारणी करावी लागणार, हे सगळं त्या एका शब्दात येऊन जाई.

महाराष्ट्रात तुडतुड्याची ओळख अशी नुकसानातून होते. विदर्भ-मराठवाड्यातला कपाशीचा शेतकरी पान उलटं करून पाहतो तेव्हा तो फिकट हिरवा, पानावर तिरका तिरका चालणारा किडा शोधत असतो. तो वाढला की पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लालसर होतात आणि पान आत मुरडतं. भाताच्या पट्ट्यात हिरवा तुडतुडा निराळा आणि तपकिरी निराळा. कीटकशास्त्राच्या हिशेबात तपकिरी तुडतुडा वेगळ्याच कुळातला आहे. पण तोही उडी मारतो, तोही रस शोषतो, म्हणून आपल्या भाषेने त्यालाही तेच नाव दिलं. शेतात उभं राहून पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

माझ्याही मनात हा शब्द शेताला पक्का बांधलेला होता. २०२२च्या जानेवारीत युगांडातल्या एका जंगलातून नवा तुडतुडा मिळाल्याचं वाचलं, तेव्हा ती गाठ सुटली. तुडतुड्यांच्या सिकाडेलिडी या कुळात आजवर वीस हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. माणसाच्या पिकांना जाच करणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. उरलेल्या हजारो जाती कुठल्या कुठल्या गवतावर, वेलींवर, जंगलातल्या झाडांवर आपापलं आयुष्य काढतात आणि कुणाच्याही फवारणीच्या वेळापत्रकात येत नाहीत. या प्रकरणाचा नायक अशांपैकी एक आहे. त्याची लांबी साडेसहा मिलिमीटर. त्याचं नाव फ्लोजिस किबालेन्सिस.

युगांडाच्या पश्चिमेला, रुवेंझोरी पर्वतरांगेच्या पूर्वेला, फोर्ट पोर्टल नावाच्या शहराजवळ किबाले राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ आठशे चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. बहुतेक जंगल समुद्रसपाटीपासून अकराशे ते सोळाशे मीटर उंचीवर आहे. विषुववृत्त अगदी जवळ असूनही या उंचीमुळे तिथली हवा रखरखीत तापत नाही. दाट सदाहरित झाडी, मधूनच दलदल, मधूनच हत्तीगवताने भरलेल्या मोकळ्या जागा. जगभर हे जंगल ओळखलं जातं ते माकडांसाठी. प्रायमेट गणातल्या तेरा जाती तिथे राहतात आणि चिंपांझींची संख्या हजाराच्या वर आहे. टॉमस स्ट्रुहसेकर यांनी १९७० मध्ये तिथे लाल कोलोबस माकडांचा अभ्यास सुरू केला. १९८७ पासून रिचर्ड रँगहॅम यांनी चिंपांझींमागे चालायला सुरुवात केली. जंगलातल्या कन्यावारा या ठिकाणी मकेरेरे विद्यापीठाचं जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. आफ्रिकेतल्या ज्या जंगलांवर सर्वांत जास्त लिहिलं गेलं आहे, त्यांत किबालेची गणना होते.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नवी जाती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसाचं पाऊल न पडलेलं अरण्य येतं. इथे तसं नव्हतं. तिथे पन्नास वर्षं अभ्यासकांचा वावर होता, रुळलेल्या पायवाटा होत्या, चिंपांझींची वंशावळ तयार होती. आणि त्याच वाटांच्या कडेला, कमरेएवढ्या झुडपांत, हा किडा बिननावाचा बसला होता.

इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ अ‍ॅल्विन हेल्डन २०१५ पासून विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी किबालेला नेत होते. तिथे सापडणाऱ्या कीटकांची नोंद करायची, फुलपाखरं-भुंगेरे ओळखता यावेत म्हणून चित्रांच्या मार्गदर्शिका तयार करायच्या, असं ते काम होतं. यासाठी लागणारी हत्यारं अगदी साधी असतात. तुडतुडे पकडायला जाड कापडाचं, दांड्याला लावलेलं जाळं पुरतं. गवतावरून, झुडपांवरून ते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झपाझप फिरवत चालायचं. दहा-वीस हात मारून झाले की जाळ्याचं तोंड मुठीत आवळायचं आणि आत काय आलं ते पाहायचं. आत पानांचा चुरा, कोळी, नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे आणि त्या गर्दीत टणाटण उड्या मारणारे तुडतुडे असतात. त्यांना बोटांनी धरायला गेलं तर चिरडतात, म्हणून एक बाटली वापरतात. तिच्या बुचातून दोन नळ्या निघतात. एक नळी आपल्या तोंडात, दुसरीचं टोक किड्याजवळ. श्वास ओढला की किडा अलगद बाटलीत जातो, आणि तोंडाकडच्या नळीच्या टोकाला जाळी असल्यामुळे घशात जात नाही. पावसाळी जंगलात दुपारभर हे करणं म्हणजे चिखल, घाम आणि सतत वाकलेली पाठ.

२०१८ मध्ये त्या जाळ्यात हा आला. हेल्डन यांना तो पाहताक्षणीच वेगळा वाटला. अंगावर धातूची झाक होती आणि पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे होते, ठोके मारलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे. माणूस एखाद्या गोष्टीकडे वर्षानुवर्षं पाहत आलेला असला की असं होतं. पुण्याच्या मंडईतला जुना व्यापारी आंबा नाकाजवळ नेऊन त्याचा मुलूख सांगतो, तसंच हे. हजारो तुडतुडे नजरेखालून गेलेले असले की त्यांत न बसणारा लगेच डोळ्यात भरतो.

पण वेगळा दिसतो म्हणजे नवा, असं नसतं. ‘नवा’ या शब्दाचा इथे फार अरुंद आणि फार कडक अर्थ आहे. तो किडा कुणी पाहिला नव्हता असा तो अर्थ नाही. किबालेच्या कडेच्या गावांतल्या कितीतरी मुलांच्या अंगावरून तो उडाला असेल. नवा म्हणजे १७५८ पासून, म्हणजे प्राण्यांच्या दोनशब्दी नावांची सुरुवात जिथून मानतात त्या लिनियसच्या ग्रंथापासून आजपर्यंत, जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, कुणीही त्याचं रीतसर वर्णन छापलेलं नाही. हे सिद्ध करायचं तर जंगलात जाऊन उपयोग नाही. त्यासाठी कपाटाकडे जावं लागतं. म्हणून मी तरी असं म्हणेन की नवी जाती जंगलात फक्त हाती लागते. ती सापडते नंतर, टेबलावर.

टेबलावरचा पहिला प्रश्न: हा कुठल्या घरातला? तुडतुड्यांच्या कुळाची काही खूण सगळ्यांवर असते. मागच्या तंगडीच्या लांब नळीवर काट्यांच्या सरळ रांगा असतात. भिंग धरलं तर करवतीचे दाते लावल्यासारख्या दिसतात. एवढ्यावरून कूळ ठरतं. मग उपकूळ. या किड्याची ठेवण सिग्नोरेटिइनी नावाच्या एका लहानशा उपकुळाकडे बोट दाखवत होती. या उपकुळातले तुडतुडे फक्त आफ्रिकेच्या उष्ण भागात आणि दक्षिण व आग्नेय आशियात मिळतात. त्यातल्या मूळ वंशाचं सिग्नोरेटिया हे नाव एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच कीटकतज्ज्ञ व्हिक्टर सिग्नोरे यांच्यावरून ठेवलेलं आहे. २०१३ मध्ये या उपकुळाचा आढावा घेणारा एक शोधनिबंध ‘झूकीज’ या नियतकालिकात आला. त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातले चंद्रशेखर विरक्तमठ. भारतीय उपखंडातल्या तुडतुड्यांच्या ओळखीचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. कपाशीचा आणि आंब्याचा तुडतुडा जिथे अभ्यासला जातो, तिथेच आफ्रिकेतल्या रानातल्या तुडतुड्यांचीही उजळणी होते, याचं मला फार समाधान वाटतं. किडीचा अभ्यास आणि किड्याचा अभ्यास हे एकाच खोलीत बसू शकतात.

पुढची पायरी वंशाची. इथे येऊन हा किडा एका फार अरुंद दारातून आत जातो. फिनलंडचे राउनो लिन्नावुओरी यांनी १९७९ मध्ये आफ्रिकेतल्या तुडतुड्यांचा मोठा आढावा घेताना फ्लोजिस हा नवा वंश मांडला होता. त्यात त्यांनी एकच जाती ठेवली, फ्लोजिस मिराबिलिस. लॅटिनमध्ये मिराबिलिस म्हणजे नवलाचा, अद्भुत. हा नवलाचा किडा मिळाला होता मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, १९६९ मध्ये. त्यानंतर त्या अख्ख्या वंशातला एकही किडा कुठे मिळाल्याची नोंद नव्हती. म्हणजे ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी दिसलेला वंश आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं शांतता. आणि आता युगांडात, ज्याची सीमा त्या देशाला लागतसुद्धा नाही, त्याच घराण्याचा एक सदस्य जाळ्यात.

तो मिराबिलिसच असू शकत होता. पन्नास वर्षांनी तोच पुन्हा दिसला असता तरीही बातमी मोठी होती. हा तोच की त्याचा भाऊबंद, याचा निवाडा करायला रंग उपयोगाचा नसतो. तुडतुड्यांत रंग फसवतो. एकाच जातीत फिकट-गडद फरक असतात, आणि दोन वेगळ्या जाती बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. निवाडा पोटात असतो, नराच्या जननेंद्रियांत.

या कामाची पद्धत मी थोडी सविस्तर सांगतो, कारण या शास्त्राचा जीव त्यात आहे. वाळलेला किडा आधी ओलसर हवेत ठेवून मऊ करतात, नाहीतर हात लागताच पाय गळतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, दोन बारीक सुयांनी, पोटाचा भाग अलगद सोडवतात. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला की आतलं मांस, चरबी विरघळून जाते आणि कायटिनचे कठीण भाग स्वच्छ उरतात. ते धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचे. आता जे दिसतं ते पाहून पहिल्यांदा माणूस दचकतोच. मिलिमीटरच्याही आतल्या जागेत आकड्या, पाती, कमानी, काटे, एकमेकांत अडकणारे सांधे. एखाद्या कारागिराने भिंग लावून घडवावेत तसे. प्रत्येक जातीची घडण निराळी, आणि त्या जातीतल्या नरानरांत ती तीच.

असं का, यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ विचार चालू आहे. १८४४ मध्ये फ्रान्सच्या लेआँ दुफूर यांनी कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपात बसू नये, म्हणून हे आकार. कल्पना इतकी सुटसुटीत आहे की अजूनही पुस्तकांत ती सर्रास भेटते. पण पुष्कळ कीटकांत माद्यांची कुलपं फारशी निराळी नसतात, वेगळ्या असतात त्या फक्त किल्ल्या. १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी दुसरं उत्तर दिलं: मादी मिलनाच्या वेळीही निवड करत असते, आणि तिच्या पसंतीच्या दबावाखाली नरांचे हे अवयव पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात. मोराच्या पिसाऱ्याचं जे कारण, तेच इथे, फक्त नजरेआड. मला हे दुसरं उत्तर जास्त पटतं. कारण काहीही असो, वर्गीकरण करणाऱ्याला त्यातून ठसा मिळतो. बोटांच्या ठशांवरून जसा माणूस, तसा यावरून तुडतुडा.

किबालेच्या नराचा ठसा मिराबिलिसशी जुळला नाही. त्याच्या अवयवाचा काही भाग पानाच्या आकाराचा होता. हा आकार या वंशात कुणी पाहिलेला नव्हता. तिथे प्रश्न मिटला. त्या वंशात आता दोन जाती झाल्या.

मग लिहायचं काम. अशा वर्णनाची भाषा वाचणाऱ्याला कोरडी वाटते. डोकं मानेच्या ढालीपेक्षा रुंद की अरुंद, डोळ्यांमधलं अंतर किती, पंखावरच्या शिरा कुठे दुभंगतात, खळगे दाट की विरळ, पायाच्या कुठल्या भागावर किती काटे. क्रियापदं जवळजवळ नसतातच. पण मी अशी वर्णनं जसजशी वाचत गेलो तसतसा त्या कोरडेपणाचा मला आदर वाटू लागला. लिहिणाऱ्याला कुणाला भारावून टाकायचं नसतं. त्याला हवं असतं ते एवढंच, की शंभर वर्षांनी, दुसऱ्या खंडात, त्याला कधीच न भेटलेल्या माणसाने हातातला किडा त्या ओळींशी ताडून पाहावा आणि हो किंवा नाही म्हणावं. ‘सुंदर’ या शब्दाचा तिथे काही उपयोग नाही. ‘दोन शिरांमध्ये तीन आडव्या शिरा’ याचा आहे. शब्दांबरोबर चित्रं असतात, फोटो असले तरी रेषांची चित्रं असतातच, कारण फोटो सगळंच दाखवतो आणि रेष महत्त्वाचं तेवढं.

आणि सगळ्याच्या मुळाशी एक प्रत्यक्ष किडा असतो. वर्णन ज्या एका नमुन्यावर टेकलेलं आहे तो नमुना वेगळा काढून त्याला होलोटाइप म्हणतात, मराठीत नामधारी नमुना म्हणू. टाचणीवरच्या कागदाच्या लहानशा त्रिकोणाच्या टोकाला तो चिकटवलेला असतो, खाली चिठ्ठ्या असतात: देश, जागा, तारीख, कुणी पकडला. पोटाचे सोडवलेले भाग ग्लिसरीनच्या चिमुकल्या नळीत, त्याच टाचणीला. उद्या कुणी म्हणालं की लेखकाची चूक झाली, तर वाद शब्दांवर चालत नाही. कपाट उघडतात, टाचणी काढतात, पाहतात.

किबालेन्सिस म्हणजे किबालेचा. गावावरून ओळख सांगायची रीत आपल्याला नवी नाही, कऱ्हाडचा तो कऱ्हाडकर. फरक एवढाच की शास्त्रीय नावात घराणं आधी येतं आणि स्वतःचं नाव नंतर. असं नाव देण्यात एक सोय आहे. नावाबरोबर जागा कायमची जोडली जाते. जंगलाच्या नावाने किडा ओळखला जातो, आणि पुढे कधी त्या जंगलाची बाजू मांडायची वेळ आली तर किड्याच्या नावात त्याचा उल्लेख असतो. हेल्डन यांचा शोधनिबंध ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात छापला गेला आणि नाव अधिकृत झालं.

नावाने काय फरक पडतो, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी कपाशीच्या तुडतुड्याची गोष्ट सांगतो. आपल्या जुन्या शेतकी पुस्तकांत त्याचं नाव एम्पोआस्का डेव्हास्टन्स असं असे. १९१८ मध्ये विल्यम डिस्टंट यांनी भारतातल्या किड्यांवरून ते दिलं होतं, डेव्हास्टन्स म्हणजे उद्ध्वस्त करणारा. पुढे लक्षात आलं की हाच किडा पूर्व आशियातून आधीच वर्णिला गेला होता, बिगुट्टुला या नावाने. पंखांवरच्या दोन काळ्या ठिपक्यांवरून, म्हणजे ‘दोन लहान थेंबांचा’. आधीचं नाव टिकतं हा नियम, म्हणून आज तो अम्रास्का बिगुट्टुला आहे. ही नुसती कागदाची अदलाबदल नव्हती. दोन नावं एक झाली तेव्हा दोन ठिकाणी साठलेलं ज्ञानही एक झालं. तो कुठल्या झाडांवर वाढतो, किती दिवसांत पिढी पुरी करतो, कोणते मित्रकीटक त्याला मारतात, हे एका जागी वाचता येऊ लागलं. उलटही घडतं. दोन जातींना एकच समजून अभ्यास केला, तर निष्कर्ष कुणालाच लागू पडत नाहीत.

आता हा प्राणी जगतो कसा? किबालेच्या तुडतुड्याबद्दल अशी माहिती अजून जमलेली नाही, पण त्याच्या कुळाची काही वैशिष्ट्यं इतकी विलक्षण आहेत की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

सिकाडाचा कर्कश आवाज आपण ऐकतो. त्याचे हे लहान भाऊबंदही गातात, पण हवेत नाही. पोटाच्या बुडाशी असलेले पातळ पडदे ते थरथरवतात. ती थरथर पायांतून देठात उतरते आणि झाडाच्या अंगातून दुसऱ्या तुडतुड्याच्या पायांपर्यंत पोहोचते. स्वीडनच्या फ्रेय ओसियानिल्सन यांनी १९४९ मध्ये या ‘ढोलकऱ्या’ कीटकांवर ग्रंथ लिहिला. आपल्याला शांत वाटणारं कपाशीचं शेत आतून सतत वाजत असतं. नर हाक देतो, मादी उत्तर देते, नर थांबून ऐकतो, चार पावलं चालतो, पुन्हा हाक. फांदी तुटली की संवादाची तार तुटली.

दुसरी गोष्ट अंगाला फासायच्या पावडरीची. तुडतुडा कात टाकून बाहेर आला की गुदद्वारातून एक द्रव काढतो आणि पायांनी साऱ्या अंगावर, पंखांवर पसरवतो. तो वाळला की मागे कण राहतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, पोकळ, जाळीदार, फुटबॉलच्या शिवणीसारखे षटकोनी-पंचकोनी कप्पे असलेले. त्यांना ब्रोकोसोम म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर, १९५०च्या दशकात ते पहिल्यांदा नीट दिसले. रस पिणाऱ्या या किड्यांच्या अंगातून चिकट गोड पाणी सतत बाहेर पडत असतं. स्वतःच्याच चिकट्यात पंख अडकून मरायचे नसतील तर अंगाला पाणी लागून चालणार नाही, आणि ही पावडर पाणी टिकू देत नाही. शिवाय ती अंगावरचा उजेड परतवत नाही, त्यामुळे पक्ष्याच्या नजरेला चमक दिसत नाही. आजोबांच्या मोहरावर पडणारा तो चिकटा मी लहानपणी बोटाला लावून चाखला होता. त्या गोडव्यात बुडू नये म्हणून तुडतुड्याने अंगावर हा सगळा कशिदा मिरवावा, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

किबालेचं जंगल १९३२ मध्ये राखीव झालं, १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान. मधल्या काळात त्याने बरंच सोसलं. साठच्या दशकाच्या शेवटी त्याच्या काही भागांत लाकूडतोड झाली. पुढे दक्षिणेकडच्या पट्ट्यात लोक वस्ती करून शेती करू लागले. उद्यान होताना त्यांना हलवण्यात आलं, तेही दुःखच, आणि मग तिथे पुन्हा झाडं लावण्याचं काम सुरू झालं. आज जंगलाच्या भोवती चहाचे मळे आणि लहान लहान शेतं अगदी कडेपर्यंत येऊन भिडली आहेत. तोडलेल्या भागांत कोणती माकडं कमी झाली, कोणती टिकली, याचे दशकानुदशकांचे आकडे आहेत. कारण माकडं मोजणारी माणसं तिथे होती. त्या लाकूडतोडीत किती कीटक गेले, याचा आकडा कुणीच देऊ शकत नाही. ज्यांना नाव नव्हतं त्यांची गणती कशी होणार? मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. वाघ, गेंडा, गोरिला कमी झाले तर निदान हळहळ तरी होते. साडेसहा मिलिमीटरच्या किड्याची जाती संपली तर ती कुणाच्या खाती हरवली एवढंही नोंदलं जात नाही.

आणि तुडतुडे ओळखणारी माणसं जगात फार थोडी आहेत. हे काम शिकायला दहा वर्षं लागतात, त्यात पैसा नाही आणि नावाजलं जाणंही कमी. आपल्याकडे शेतकी महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी मुलं कीटकशास्त्र शिकून बाहेर पडतात. किडीचं नाव, तिचं नुकसान, तिच्यावरचं औषध एवढं त्यांना येतं. सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईत जाऊन त्यांच्यापैकी कुणी जाळं फिरवलं, तर आत येणाऱ्या तुडतुड्यांतले किती जण ओळखीचे निघतील? मी एकदा अशा रानात एका विद्यार्थ्याबरोबर बसलो होतो. जाळ्यातून काढून त्याने अकरा निरनिराळे तुडतुडे पांढऱ्या रुमालावर ओळीने मांडले. त्यांतल्या दोघांची नावं त्याला सांगता आली. उरलेल्या नवांकडे तो कितीतरी वेळ पाहत बसला, आणि मग त्याने वही उघडून त्यांची चित्रं काढायला घेतली.

फ्लोजिस किबालेन्सिसचंही तेवढंच झालं आहे: चित्र काढून झालं, नाव दिलं गेलं. तो कुठल्या झाडाचा रस पितो ते ठाऊक नाही. तुडतुड्यांत काही पानात तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांत सोंड घालतात, काही मुळांकडून येणारं पाणी पितात, काही पानातली एकेक पेशी रिकामी करतात. हा त्यांतलं काय करतो हेही ठाऊक नाही. प्रौढ तुडतुडा कुठल्याही पानावर सापडला तरी तेच त्याचं झाड असं म्हणता येत नाही, कारण तो उडून आलेला असू शकतो. पिल्लाचं तसं नसतं. मादी पानाच्या किंवा देठाच्या आत फट पाडून अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू पाच वेळा कात टाकेपर्यंत पंखांवाचून त्याच झाडावर वाढतं. तेव्हा आता किबालेत जाणाऱ्याने जाळं फिरवून भागणार नाही. एकेका झुडपाजवळ बसून पानं उलटी करून पाहावी लागतील, कपाशीचा शेतकरी पाहतो तशीच, धातूची झाक अजून न आलेलं, बिनपंखांचं एखादं पिल्लू दिसेपर्यंत.